लेखकाची सुपारी कोण घेतो?

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. चाकणच्या एका कारखान्यात नाइट शिफ्टला बसलो होतो. लाइन थांबली की कुणाला मेसेज जावा, किती मिनिटांनी जावा, हे ठरवणारं सॉफ्टवेअर मी लिहितो. नवीन व्हर्जन चढवलं होतं आणि ते बिघडू नये म्हणून मी तिथे होतो. रात्री पावणेदोनला फोनवर एक पीडीएफ आली. अकरा पानांची.

एका निर्मितीसंस्थेला माझी पटकथा आवडली होती. चार वर्षं सुट्टीच्या दिवशी लिहिलेली. करारात एक रक्कम होती, माझ्या दोन पगारांएवढी. तिच्या बदल्यात कथा, पटकथा, संवाद, पात्रं, त्यांचे पुढचे भाग, इतर भाषांतले रिमेक आणि ‘आज असलेली व पुढे शोधली जाणारी सर्व माध्यमं’ असं सगळं कायमचं त्यांचं. श्रेयनामावलीत माझं नाव कुठे, किती आणि येणार की नाही हे निर्माता ठरवणार. रॉयल्टीवरचा हक्क मी सोडला आहे, असंही एक कलम.

मुंबईत मालिका लिहिणाऱ्या मित्राला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, “सही करू नकोस. एजंटला दाखव.”

“कुठला एजंट?”

त्याने हसणारी इमोजी टाकली आणि झोपला.

आमच्याकडे एजंट नाही अशी गोष्ट सापडणं अवघड आहे. गुंठाभर जागेला एजंट, आरटीओला एजंट, विम्याला एजंट, कंत्राटी कामगार पुरवायला ठेकेदार. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात माणूस कामाला लागतो तो बहुतेकदा मधल्या माणसाच्या हातून. मग लिहिणाऱ्यालाच मधला माणूस का नाही? पूर्वी होता का? त्या रात्री सुरू झालेला हा शोध मी गेले काही महिने करतोय.

नारायणगावच्या राहुट्या

सुरुवात जवळूनच केली. चाकणहून नाशिक रस्त्याने निघालं की राजगुरुनगर, मंचर आणि मग नारायणगाव. विठाबाईंनी ज्या गावाचं नाव आडनावासारखं लावलं, ते हे गाव. गुढीपाडव्याच्या सुमाराला इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाचा बोर्ड, आत टेबल, वही, खुर्च्या. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं जीप करून येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, भाव करतात. ठरलं की तारीख लिहिली जाते, इसार दिला जातो. याला सुपारी म्हणतात. (आपण सिनेमात ऐकतो ती नव्हे.)

पाडव्याला मीही गेलो. एका राहुटीत बसलेल्या व्यवस्थापकाने चहा दिला. वहीत सगळं होतं: गाव, तिथी, रक्कम, किती मिळाले, किती बाकी. पावसाने खेळ बुडाला तर काय, गाडी बंद पडली तर काय, हेही बोलून घेतलेलं असतं. मी इतक्या शिस्तीचा व्यवहार आमच्या ऑफिसातही कमी पाहिलाय.

मी विचारलं, “वग कोण लिहितं?”

“आहेत आमचे.”

“त्यांना प्रत्येक खेळामागे काही मिळतं?”

त्यांना प्रश्नच कळला नाही. वग फडाचा. ज्याने लिहिला त्याचे पैसे तेव्हाच दिलेले. ते काही लपवत नव्हते. त्या टेबलावर फडाच्या बाजूने बोलणारा माणूस होता, गावाच्या बाजूने बोलणारे चारजण होते. लिहिणाऱ्याची खुर्चीच नव्हती, एवढंच.

तमाशात यावर जुना उपाय होता तो म्हणजे शाहिरानेच फड काढायचा. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, यांनी तेच केलं. कुलकर्णीपण सोडून ते तमाशात आले, लिहिलं, गायले, पवळाबाईंसोबत फड गाजवला. म्हणजे लेखक, नट आणि मालक एकच. पण फड मोडला की असा माणूस तिन्ही बाजूंनी उघडा पडतो. १९४५ साली पुण्यात ते गेले तेव्हा हाती काही उरलं नव्हतं.

पगारी जमाना

सिनेमा मराठीत आला तो आधी कंपनी बनून. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तीच जागा. तो काळ स्टुडिओंचा. सुतारापासून नटापर्यंत माणसं महिन्याच्या पगारावर. सकाळी यायचं, नेमून दिलेलं काम करायचं.

लेखक दोन वाटांनी येत. एक वाट साहित्यातून. ना. ह. आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी १९३७ मध्ये ‘कुंकू’ झाली. वि. स. खांडेकरांनी मास्टर विनायकांसाठी ‘छाया’ (१९३६) लिहिला. अत्र्यांनी त्यांच्यासाठीच ‘ब्रह्मचारी’ (१९३८) लिहिला. या मंडळींना एजंट लागला नाही, कारण त्यांचं नाव आधीच घरोघरी पोचलेलं होतं.

दुसरी वाट माझ्यासारख्यांची, ज्यांना कुणी ओळखत नाही. ग. दि. माडगूळकर याच वाटेने आले. १९१९ मध्ये शेटफळ्याला जन्म, मॅट्रिकच्या पुढे शिक्षण नाही, घरी ओढगस्त. ‘ब्रह्मचारी’त त्यांना छोटी भूमिका मिळाली. पुढे खांडेकरांचे लेखनिक म्हणून काम केलं. लेखनिक म्हणजे दुसरा सांगेल ते उतरवून घेणारा. इंजिनिअरिंगच्या भाषेत ही इंटर्नशिप. एखाद्या पक्क्या लेखकाची वाक्यं कागदावर उतरवताना त्यातला जोड कसा बसतो ते हाताला कळतं. आणि स्टुडिओत वावरताना लोकांना हा मुलगा काय करू शकतो ते कळतं. ‘एंट्री’ मिळायची ती अशी.

पुढे त्यांनी दीडशेच्या वर मराठी चित्रपटांसाठी लिहिलं. शांतारामबापूंच्या ‘दो आँखे बारह हाथ’ची (१९५७) कथाही त्यांची. पुणे-मुंबई रस्त्यावर वाकडेवाडीला त्यांचं ‘पंचवटी’ हे घर. पिंपरीहून शिवाजीनगरला जाताना मी त्याच्यावरून हजार वेळा गेलो असेन. आमच्या प्राधिकरणात त्यांच्या नावाचं नाट्यगृहही आहे.

या पगारी पद्धतीकडे पाहताना मला एक गोष्ट खटकली. मीही तसाच आहे की! नोकरीला लागलो त्या दिवशी एका करारावर न वाचता सही केली. मी ऑफिसात लिहिलेली कोडची प्रत्येक ओळ कंपनीची. कायदाही तेच म्हणतो: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७, नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक मालकच. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मग पटकथेच्या करारानेच पोटात का ढवळलं?

उत्तर आठवड्याने सुचलं, कंपनीच्या बसमध्ये. माझा कोड चालो न चालो, महिन्याच्या अखेरीला पगार येतो. पीएफ कापला जातो, आजारी पडलो तर विमा आहे. जोखीम कंपनीची म्हणून मालकीही कंपनीची. पटकथा मात्र मी चार वर्षं माझ्या वेळेत, माझ्या खर्चाने लिहिली. समोरच्याला कंपनीसारखी मालकी हवी होती, कंपनीचा पगार मात्र द्यायचा नव्हता.

पप्पांचं आंतरदेशीय पत्र

रंगभूमीने हा हिशेब वेगळा मांडला होता, आणि त्याचा पुरावा आमच्याच कपाटात निघाला.

माझे वडील आकुर्डीच्या एका कारखान्यात तीस वर्षं मशिनवर होते. १९५० च्या दशकात पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आलं, पाठोपाठ बजाज, टेल्को, आणि त्यांच्या भोवती शेकडो छोटे कारखाने. त्यांच्यासोबत कामगारांची नाटकं आली. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेसाठी पाळी संपल्यावर तालमी चालत. पप्पांनी तीन वर्षं काम केलं. दोनदा हवालदार, एकदा सासरा.

माझ्या कराराचं बोलणं चाललं होतं तेव्हा ते आत गेले आणि फाइल घेऊन आले. तिच्यात एका नाटककाराचं आंतरदेशीय पत्र होतं, १९८८ सालचं. आमच्या नाटकाचा एक प्रयोग करायला परवानगी आहे, मानधन मनिऑर्डरने पाठवावं, संहितेत बदल करू नये, अशा अर्थाच्या चार ओळी आणि खाली सही.

“हे कशाला जपून ठेवलंत?”

“अरे, परवानगी आहे ती. याच्याशिवाय स्पर्धेत घेत नव्हते.”

मी बराच वेळ ते पत्र बघत होतो. स्पर्धेतल्या, कामगारांच्या, तिकीट नसलेल्या एका प्रयोगासाठीसुद्धा लेखकाला विचारलं गेलं होतं. त्याला प्रयोगामागे पैसे गेले होते. व्यावसायिक नाटकातही हीच रीत आहे: लेखकाला प्रत्येक प्रयोगाचं मानधन. नाटक पडलं तर लेखकाचं उत्पन्न पडतं, चाललं तर वर्षानुवर्षं येत राहतं. महिन्याचा पगार नाही, पण नाटक लेखकाचंच राहतं. एजंट नसताना हे चाललं, कारण नियम सगळ्यांना माहीत होता आणि परवानगीपत्राशिवाय पडदा उघडत नव्हता.

शिवाय रंगभूमी हीच सिनेमाची वाट ठरली. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर सत्यदेव दुबेंनी १९७१ मध्ये चित्रपट केला. मग ‘सामना’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने दादा कोंडक्यांना नाव दिलं आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’चं लेखनही सबनीसांचंच. दिग्दर्शक नाटक बघायला येई आणि लेखक शोधून काढी. रंगमंच हाच एजंट होता म्हणा ना.

मधे काय बिघडलं

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास स्टुडिओंचं गणित बिघडलं. युद्धातला काळा पैसा सिनेमात आला, स्वतंत्र निर्माते उभे राहिले, नट पगार सोडून चित्रपटागणिक पैसे घेऊ लागले. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली. नटांना भाव मिळाला, त्यांचे सेक्रेटरी आले, तारखांच्या डायऱ्या आल्या. लेखकाचा मात्र पगार गेला आणि पगाराच्या काळातली ‘लिहिलेलं सगळं कंपनीचं’ ही सवय तेवढी मागे राहिली. माझ्या अकरा पानांचं मूळ तिथे आहे.

अण्णाभाऊ साठ्यांचं उदाहरण इथे टाळता येत नाही. वाटेगावहून बापासोबत पायी मुंबईला आलेला हा माणूस. लाल बावटा कलापथकाचा शाहीर, ‘फकिरा’चा लेखक. त्यांच्या अनेक कादंबऱ्यांवर मराठी चित्रपट निघाले. आणि १८ जुलै १९६९ ला गोरेगावात ते गेले तेव्हा हलाखीत होते. या दोन गोष्टी एकाच आयुष्यात शेजारी शेजारी कशा राहिल्या, हा प्रश्न मला त्यांच्याबद्दलच्या कुठल्याही भाषणात ऐकू येत नाही.

हिंदीतही फार वेगळं नव्हतं. १९७३ मध्ये ‘जंजीर’ लागला तेव्हा पोस्टरवर लेखकांचं नाव नव्हतं. सलीम-जावेदनी रंगारी पाठवून मुंबईभरच्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली, हा किस्सा त्यांनीच सांगितलेला आहे. ऐकायला मजा येते. पण देशातली सगळ्यात यशस्वी होऊ घातलेली लेखकजोडी रंगाचा डबा घेऊन आपली वकिली करत होती, हेही त्यात आहे.

मग १९७७. गीत-संगीताच्या हक्कांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निर्मात्याने पैसे देऊन काम करवून घेतलं असेल आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर पहिला मालक निर्माताच. त्याच वर्षी डिसेंबरात गदिमा गेले.

हे बदलायला ३५ वर्षं लागली. २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हा राज्यसभेत असलेल्या जावेद अख्तरांनी त्यासाठी जोर लावला होता. या दुरुस्तीनुसार चित्रपटात वापरलेल्या साहित्याचा लेखक आपला रॉयल्टीचा हक्क सोडू शकत नाही. चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर कुठल्याही प्रकारे त्या साहित्याचा वापर झाला, तर लेखकाचा निम्मा वाटा. सोडला असं लिहून दिलं तरी ते कायद्याने चालत नाही. म्हणजे माझ्या करारातलं रॉयल्टीचं कलम टाइप करण्याच्या लायकीचंही नव्हतं. तरी ते होतं, कारण वाचणारं कुणी नसेल असं गृहीत धरलेलं होतं.

दहा टक्क्यांचा माणूस

एजंट ही जमात मूळची लंडनची. १८७५ च्या सुमाराला ए. पी. वॉट नावाच्या गृहस्थाने लेखकांच्या वतीने प्रकाशकांशी बोलायला सुरुवात केली आणि दहा टक्के घेतले. अमेरिकेत विल्यम मॉरिसची एजन्सी १८९८ ची, तीही आधी नाटक-तमाशाच्या कलाकारांसाठी. म्हणजे त्यांचं नारायणगावच. फरक एवढाच की तिथे पुढे लेखकालाही खुर्ची मिळाली. कॅलिफोर्नियात काम मिळवून देणाऱ्या एजंटला परवाना लागतो. मॅनेजर वेगळा: तो सल्ला देतो, लेखन वाचतो, वाटचाल ठरवतो.

पण तिकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. मोठ्या एजन्सी लेखक, दिग्दर्शक, नट यांची मोट बांधून विकायच्या आणि त्याची फी थेट स्टुडिओकडून घ्यायच्या. लेखकाचे पैसे वाढवण्यात त्यांना रस उरला नाही. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतल्या लेखक संघटनेच्या सांगण्यावरून हजारो लेखकांनी आपापल्या एजंटला एकदम काढून टाकलं. जवळपास दोन वर्षांनी एजन्सींनी ती पद्धत सोडायचं मान्य केलं. थोडक्यात, एजंट असणं पुरत नाही. तो पैसे कुणाकडून घेतो ते बघावं लागतं. चाकणमध्ये जमीन घेतलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

मुंबईत गेल्या काही वर्षांत लेखकांचं काम पाहणाऱ्या एजन्सी निघाल्या आहेत. मी दोन ठिकाणी लिहिलं. दोन्हीकडून सभ्य उत्तर आलं: काहीतरी पडद्यावर येऊ द्या, मग भेटू. पहिल्या नोकरीला अनुभव मागतात, तसंच. तेव्हा पहिला करार प्रत्येकाला एकट्यानेच वाचावा लागणार.

तुमच्यापैकी कुणाच्या फोनमध्ये अशी पीडीएफ पडली असेल तर मी काय केलं ते सांगतो. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचा सभासद झालो. जुन्या फिल्म रायटर्स असोसिएशनची कामगार संघटना म्हणून नोंद १९६० ची. तिथे पटकथा ऑनलाइन नोंदवता येते. कॉपीराइट नोंदणीमुळे मिळत नाही, तो लिहिल्या क्षणी मिळतो. पण अमुक तारखेला हे माझ्याकडे होतं याचा पुरावा हाती राहतो. मराठीत मालिका, नाटक आणि चित्रपटांच्या लेखकांची ‘मानाचि’ ही संघटना आहे. मग एका वकीलबाईंना फी देऊन त्यांच्याकडून करार वाचून घेतला. त्यांनी अजून एक दाखवलं: करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतो. म्हणूनच समोरचा ‘कायमचं’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द न विसरता घालतो.

मी तीन बदल मागितले. श्रेय नक्की असावं. पाच वर्षांत चित्रपट झाला नाही तर पटकथा माझ्याकडे परत यावी. रॉयल्टीचं कलम काढावं. पैसे वाढवा असं म्हटलंच नाही.

मेल पाठवून सात आठवडे झाले. उत्तर नाही. फोन उचलत नाहीत. मित्र म्हणतो, “गेलं ते, नवीन लिही.” आई म्हणते, सही करून टाकली असतीस तर निदान सिनेमा तरी निघाला असता. तिचं चूक आहे असं छातीठोक सांगता येत नाही. गदिमांनी पन्नास सालात असे मुद्दे काढले असते तर त्यांना किती कामं मिळाली असती, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला.

मागच्या रविवारी पप्पांनी ते आंतरदेशीय पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं. त्याच फोल्डरमध्ये माझ्या नोंदणीची प्रिंट ठेवली. मग विचारलं, “तुझं ते कुणाला करायचं असेल, तर परवानगी तूच देणार ना?”

“हो.”

“मग पत्ता नीट लिही त्याच्यावर. आपण आता मोशीला राहतो, आकुर्डीला नाही.”